पाठमोरं घर

"सवाष्णींनी तोंडं फिरवा. न्हावी आला."

आबासाहेबांनी अंगणातूनच सांगितलं आणि स्वतः तुळशीकडे तोंड करून उभे राहिले. शेजारी यज्ञेश्वरभटही वळले. माजघरात जमलेल्या बायका भिंतीकडे सरकल्या. मागच्या पडवीत आबासाहेबांच्या थोरल्या भावजयीचा, यशोदाबाईंचा देह होता. विधवेचं लाल आलवण, कपाळापर्यंत पदर. पहाटे झोपेतच त्या गेल्या होत्या.

त्यांची एकुलती लेक शकुंतला दुपारच्या गाडीनं कुर्डुवाडीहून आली, ती आईच्या उशाशी बसून होती. ती वळली नाही.

"शकू, तूही सवाष्ण आहेस," काकू भिंतीशी बोलल्या. "विधवेचं क्षौर बघू नये. कुंकवाला बाधतं."

"आई आहे ती माझी, काकू."

"म्हणून तर सांगते!"

भटजींनी आल्याआल्या बजावलं होतं. न्हावी येऊन गेल्याला बरेच दिवस झाले, डोक्यावर खुंट आले असणार. तशीच सरणावर ठेवली तर विधवेचे केस परलोकात नवऱ्याला बांधून ठेवतात. एकदा वस्तरा फिरलाच पाहिजे.

म्हातारा बाळू न्हावी परसदारानं आला. धोकटी खाली ठेवून बसला आणि समोर शकुंतलेचे उघडे डोळे पाहून थबकला.

"ताई, तोंड फिरवा की."

"नाही फिरवणार."

बाळूनं तिच्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं. मग दोन्ही हातांनी यशोदाबाईंचा पदर मागं सारला. खाली घट्ट गुंडाळलेली कापडाची पट्टी होती. ती त्यानं सोडली.

केस फरशीवर उतरले. काळे-पांढरे, तेल लावलेले, कमरेपर्यंत पोचतील इतके लांब.

 शकुंतलेनं आईचे केस जन्मात पाहिले नव्हते. तिच्या जन्माआधी वडील गेले आणि बारशाआधी आईचे केस. तिनं हात पुढं केला, मागं घेतला, पुन्हा पुढं केला. देवघरातल्या मूर्तीला लहानपणी पहिल्यांदा हात लावू दिला होता, तशी बोटं नुसती टेकवली.

"केव्हापासून?" तिनं कुजबुजत विचारलं.

"गोऱ्यांनी मार्शल लॉ लावला त्या साली तुमचं लगीन झालं, तवापासनं. म्हनाल्या, बाळू, लेक उजवली. आता कुनी माझं काय वाकडं करनार? आजपासनं हितं नुसतं बसून जात जा," बाळूही तसंच हळू म्हणाला.

"आणि तू बसलास?"

"मला तरी त्या कामाचं कुटं सुख हुतं?"

"पण घरात कुणाला कळलं कसं नाही?"

"बघतंय कोन, ताई?"

शकुंतलेनं मान वर केली. काकांची पाठ. भटजींची पाठ. माजघरात बायकांच्या पाठी, एकीला लागून एक. वस्तरा चालताना बघायचं नाही. बाहेर पडताना विधवा समोर आली तर बघायचं नाही. न बघण्याची या घराला इतकी सवय झाली होती, की त्याच्या नाकासमोर हे केस बोटबोट वाढत गेले.

"बाळू, अजून हात का लावला नाहीस?" आबासाहेब तिकडूनच ओरडले.

बाळूनं घाईघाईनं धोकटीतून नारळाची करवंटी काढली आणि तिच्यावर वस्तऱ्याची बोथट कड ओढली. खर्र. खर्र.

 प्रत्येक माहेरपणात शकुंतलेनं हा आवाज ऐकला होता. स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून, कान दाबून.

"आज मातर तुमी सांगाल तसं," बाळू करवंटीवरचा हात न थांबवता म्हणाला. "हितवर माझं नि बाईंचं हुतं. आता त्या न्हाईत. भटजी म्हनत्यात, थोरले धनी तिकडं बांधले जातील."

"आई काय म्हणायची त्याला?"

बाळूच्या मिशा हलल्या. "म्हनायच्या, बांधले गेले तर जाऊ देत की. जित्तेपनी एक दिस घरात टिकले न्हाईत."

शकुंतलेनं पदराचा बोळा तोंडात धरला. खांदे गदगदले.

"रडू दे," भिंतीकडून कुणीतरी म्हणालं. "मोकळी होऊ दे बिचारी."

हसू ओसरल्यावर तिनं डोळे पुसले. "वस्तरा लावायचा नाही," ती कुजबुजली. आईचं डोकं मांडीवर घेऊन तिनं केसांचे तीन पेड केले. खोबरेलाचा वास आला. कधी लावलं असेल हिनं? दार लावून, आरसा नसताना, नुसत्या बोटांनी चाचपून.

पेडावर पेड पडत गेले. करवंटी वाजत राहिली.

"किती वेळ रे बाळू?"

"डोकं सोपं न्हाय, आबासाहेब."

वेणी पुरी झाली. करवंटी थांबली.

"झालं?" आबासाहेबांनी तुळशीला विचारलं.

बाळू शकुंतलेकडे पाहू लागला. पदर ओढला की संपलं होतं. तिचा हात पदराशी गेला आणि तिथंच राहिला.

"बघून घ्या, काका," ती मोठ्यानं म्हणाली. "सगळ्यांनीच बघा."

बाळूनं डोळे मिटून घेतले. माजघरात एक बांगडी किणकिणली. कुणीही वळलं नाही.

"त्यात काय बघायचं?" आबासाहेब म्हणाले. "झाक लवकर."

शकुंतलेनं वेणी आईच्या खांद्यावरून पुढं घेतली, लग्नाआधीच्या मुली घेतात तशी, आणि मग सावकाश झाकलं.