एकट्यानं द्यायचा पेपर

फौजदारी न्याय विषयातल्या ऑनलाइन एम.ए.चा शेवटचा पेपर होता. तुरुंगाच्या कचेरीत कैदी संगणकासमोर बसला आणि पडद्यावरच्या पर्यवेक्षक बाईंनी डोळे बारीक केले. “तुमच्या मागे कोण उभं आहे? खोलीत एकट्यानंच बसायचं. त्यांना बाहेर पाठवा, नाहीतर पेपर रद्द.” “मॅडम, मी त्यांना कसा पाठवणार? तेच मला आत-बाहेर पाठवतात.” मागचा शिपाई गुरगुरला, “कैद्याला एकटं सोडायचं नाही, हा आमचा नियम. त्यात हा पठ्ठ्या दोनदा पळालेला!” “मग परीक्षा विसरा.” कैद्यानं मान खाली घातली. शिपायानं खिडकीचे गज हलवून पाहिले, टेबलाखाली वाकून पाहिलं. “माझी नोकरी तुझ्या हातात आहे, लेका. देव बघतोय,” असं बजावून तो बाहेर गेला. दार लागलं. कुलपाचा आवाज आलाच नाही, आणि पहिला प्रश्न कैद्याला बराच वेळ वाचताच येईना.