वाळकी बाभूळ

"वाळक्या बाभळीवर पाणकावळा पंख पसरून बसलाय," दुर्बीण डोळ्यांना लावून मी म्हणालो. दर ऑक्टोबरला तो तिथंच असायचा.

तळ्याच्या बांधावर गेल्या हिवाळ्यातल्या चक्रवाकांच्या आठवणी काढणारी आमची पक्षिमित्र मंडळी माझ्याकडे बघू लागली. "आजोबा, ती बाभूळ श्रावणातल्या पुरात वाहून गेली," नोंदवही घेतलेली चौथीतली मंजिरी हळूच म्हणाली. "काय लिहू?"

दुर्बिणीत मला एक काळा डाग तेवढा दिसत होता. डोळ्यांचं मी वर्षभर लपवलं होतं. जुने पक्षी आठवून नवे म्हणून सांगत होतो. हे कळल्यावर रविवारी मुलांना माझ्याबरोबर तळ्यावर कोण पाठवणार? कुणीतरी हसून विषय बदलावा म्हणून मी थांबलो. कुणी हसलं नाही.

"दिसेल तेवढंच लिहायचं, असं तुम्हीच शिकवलंय." मंजिरी रडवेली झाली होती.

मी दुर्बीण तिच्या गळ्यात अडकवली. "तू बघ. मला सांग."

"बदक आहे. चोच रुंद, गवंड्याच्या थापीसारखी."

"थापट्या म्हणतात त्याला," मी म्हणालो.

"लिहू?"

"तुला दिसला ना? मग लिही."