बिनकंदिलाची गाडी

"दंड भरायचा नाही म्हणजे नाही!" विष्णुपंत वकिलांनी कोर्टाच्या पायरीवर पुन्हा बजावलं. "भरलास की कबूल केल्यासारखं होईल, त्या रात्री पुलावर तूच होतास."

रामगोंडानं मान हलवली. आष्ट्याचा हा जैन शेतकरी अंगानं दांडगा, पण आज त्याचा चेहरा पार उतरला होता. रात्री पुलावर बैलगाडीला कंदील नव्हता म्हणून दंड, एवढीच केस. सांगलीत असले खटले चहा निवायच्या आत निकालात निघत. पण त्याच रात्री पुलाजवळच्या चौकीतून पोलिसांच्या बंदुका पळवल्या गेल्या होत्या. बेचाळीसचं साल नुकतंच सरलेलं. फौजदार तर कोर्टाच्या दारातच खुर्ची टाकून बसला होता. दंड कायम झाला की बेड्या ठरलेल्या.

"खरं सांग. होतास का तिथं?"

"न्हाई वकीलसाहेब. घरी हुतो. माज्या बायकूला इचारा."

बायकोच्या साक्षीला कोर्टात कोण विचारतो! पण माणूस भला दिसत होता, आणि भला माणूस तुरुंगात सडताना विष्णुपंतांना बघवत नसे.

त्या रात्री गाडी अडवणारा केरबा हवालदार साक्षीला उभा राहिला. सरळ माणूस. दिसलं ते सांगायचं, मीठमसाला लावायचा नाही.

"अंधार पडला हुता. गाडीला कंदील न्हवता. नाव इचारलं, तर म्हणाला रामगोंडा, आष्ट्याचा."

"चेहरा पाहिलास?" विष्णुपंतांनी विचारलं.

"न्हाई साहेब. अंधारात तोंड कुठलं दिसतंय?"

"मग दिसलं तरी काय?"

"हातातली पांढरी भाकरी तेवढी दिसली. खात खातच बोलला."

देव पावला! हजार रुपये मोजूनही मिळाला नसता असा पुरावा सरकारी साक्षीदारानंच आणून दिला होता. विष्णुपंत मॅजिस्ट्रेटकडे वळले.

"साहेब, जैन माणूस सूर्य मावळल्यावर तोंडात घास घालत नाही, हे सांगलीतलं शेंबडं पोरही सांगेल. मग अंधारात भाकरी खाणारा हा रामगोंडा कुठला? आणि बंदुका पळवणारा स्वतःचं खरं नाव सांगेल होय?"

कोर्टात हशा पिकला. मॅजिस्ट्रेट मात्र हसले नाहीत. त्यांनी आपल्या शिरस्तेदाराकडे पाहिलं. धनपाल शिरस्तेदारही जैन. काम कितीही तुंबलेलं असो, उन्हं कलायच्या आत ते डबा उघडायचेच. त्यांनी हळूच मान डोलावली.

रामगोंडा खाली बघत उभा होता. कानशिलावरून घाम ओघळत होता, तो पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

"पुलावरचा इसम आरोपी नव्हता," मॅजिस्ट्रेट म्हणाले. "दंड रद्द."

फौजदारानं खुर्ची लाथेनं सारली आणि तो तरातरा निघून गेला.

निकालाची नक्कल हातात पडेपर्यंत दिवस मावळला. विष्णुपंतांनी अशिलाला आग्रहानं घरी आणलं. त्यांच्या पत्नी अनसूयाबाई नुकत्याच दिवाबत्ती करून वळल्या होत्या. पाहुणा कोण ते कळताच त्या ओशाळल्या.

"अगं बाई, उशीर केलात की! आता ह्यांना घोटभर पाणीसुद्धा चालायचं नाही."

रामगोंडानं मागं वळून दार लोटलं, कडी घातली आणि पाटावर ऐसपैस मांडी ठोकली.

"वाढा वैनी. त्या राती हवालदारानं निम्म्या भाकरीवरनं उठवलं हुतं."