दवातली तोडणी

"आजपासून या घराचा वंश चंद्र-सूर्य असेतो चालणार!" सासूबाई सनोबर आयांनी हे अंगणात उभं राहून जाहीर केलं, तेव्हा वंश चालवणारी सून तंबाखूच्या शेतात बांधावर ओणवी होऊन ओकत होती.

सुनेचं नाव सबोहत. लग्नाला दोन वर्षं झालेली. नवरा रशियात लोकांची घरं बांधायचा. नवरोजच्या सणाला आला, महिनाभर स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा राहिला आणि परत गेला. एवढ्या भांडवलावर सासूने हिशेब मांडला, आणि तो जुळला.

सबोहतला तुतीखाली गादी मिळाली, वर दोन तक्के, उशाशी जर्दाळू. माळ्यावरचा पाळणा खाली आला. त्यांच्या उर्गुत भागातल्या पाळण्यांना बाळाची शू बाहेर न्यायला लाकडी नळी असते, मुलाची वेगळी, मुलीची वेगळी. आयांनी मुलाची नळी तेल लावून ठेवली आणि मुलीची चुलीत घातली.

सावलीत पडल्या पडल्या सबोहतची मळमळ थांबली.

"बघितलंत? पोटातलं किती समजूतदार आहे!" आया म्हणाल्या.

सासरे, हाशिम बोबो, यावर काहीतरी बोलले. पण त्यांच्या जिभेखाली नसवायची, म्हणजे चुना घातलेल्या तंबाखूची, हिरवी गोळी होती, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. चाळीस वर्षं ती तिथेच होती आणि संसार सुखाचा झाला होता.

तोडणी मात्र थांबणार कशी? तंबाखूचं पान दवातच खुडायचं. ऊन चढलं की ते मलूल होतं, फाटतं, व्यापारी नाक मुरडतो. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे सबोहतच्या जागी धाकट्या मुलीला, नोदिराला, शेतात पाठवलं. शरद ऋतूत तिचं लग्न ठरलेलं; तोवर ती घरात बसून रुखवताच्या चादरी भरत होती.

दुपारी नोदिरा भिंत धरत धरत अंगणात आली. चेहरा चुन्यासारखा. तंदूरपाशी पोचली आणि भडाभडा ओकली.

भिंतीवरून डोकावणारं शेजारणीचं डोकं हळूच खाली गेलं. त्याला आता बरीच कामं होती.

"कोण आहे तो?" आयांनी विचारलं.

"कोण तो, आया?"

"मला शिकवतेस? ओकारी म्हणजे काय असतं, ते या घरात कालच ठरलंय!" आयांनी तंदूरची सळई उचलली. "सासरच्यांना काय तोंड दाखवू मी?"

"डोकं गरगरतंय हो, आया. दुसरं काही नाही. हे हात बघा कसे थरथरतायत."

"हातांचं सांगू नकोस मला!"

तुतीखाली सबोहत उठून बसली. तिला आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. कापड धुऊन तिने आतल्या खोलीत रजयांच्या मागे वाळत घातलं होतं, आणि परत येऊन जर्दाळू खाल्ला होता. एखादा आठवडा असाच गेला असता. कदाचित दोन.

ती उठली आणि सळईच्या आणि नणंदेच्या मध्ये उभी राहिली.

"तिला मारू नका, आया. मलाही हेच झालं होतं."

"तुझं वेगळं आहे!"

"वेगळं नाही. काल माझी पाळी आली."

सळई हवेतच राहिली.

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतल्या ओयदिन ओपा आल्या. त्या दवाखान्यात नर्स. त्यांना बोलवावं लागलं नाही, बातमी आधीच पोचली होती. त्यांनी नोदिराची नाडी धरली, भिजलेल्या चिकट बाह्यांचा वास घेतला, सबोहतला दोन प्रश्न विचारले.

"पान बाधलंय दोघींना. दवात तंबाखूचं निकोटीन उतरतं आणि कातडीतून रक्तात जातं. सिगारेट ओठाला न लावता ओढायचा प्रकार. कपडे बदला हिचे, साबणाने आंघोळ घाला, पाणी पाजा. छातीत धडधड वाढली, दम लागला, तर मला हाक मारू नका, सरळ इस्पितळात न्या."

"म्हणजे विष?" आयांनी विचारलं.

"विष."

"नक्की विषच ना? दुसरं काही नाही?"

"विषच, आया."

"अल्लाचे उपकार!" म्हणत आया मटकन खाली बसल्या आणि रडू लागल्या.

हाशिम बोबोंनी गोळी थुंकली. प्रसंगच तसा होता. "चाळीस वर्षं मी या पानांत आहे. मला कधी चक्कर आली नाही."

"तुमचं अंग सरावलंय, बोबो. चक्कर तेवढी येत नाही, बाकीचं चालू आहे. जिभेखाली ते पांढरं काय दिसतंय? आ करा बघू."

बोबोंनी तोंड मिटलं, आणि डबीतून नवी चिमूट काढून मगच उघडलं.

"दव वाळल्यावर तोडा," जाताना ओपा म्हणाल्या.

"वाळल्यावर पान फाटतं."

"मग अंगाला ओल लागू देऊ नका."

ओपा गेल्या. आयांनी डोळे पुसले, नोदिराला जवळ घेतलं, तिचे हिरवे पडलेले तळवे उलटसुलट करून पाहिले. "हिचं लग्न तोंडावर आलंय," त्या म्हणाल्या. "हे हात खराब होऊन चालायचे नाहीत."

उद्या कोण जाणार, हे कुणी विचारलं नाही. सबोहतने तक्के उचलले, गादीची वळकटी केली, आत नेऊन ठेवली. मग दारात येऊन उभी राहिली.

"आया, ह्यांचा रेनकोट खुंटीला नुसताच आहे. उद्या मी घातला तर चालेल का? धुऊन परत ठेवीन."