शिडीवरची रांग

भिंतीवरचा पंखा मान इकडून तिकडे वळवत राहिला, जणू त्यालाही कुणाची बाजू घ्यायची नव्हती. दादाच्या धाकट्या बहिणीने नुकतेच सांगून टाकले होते, "रोपण होईल तर इथेच. नाहीतर होणारच नाही."

इथे म्हणजे या जुन्या, दुमजली रुग्णालयात. बाकांचा रंग बसणाऱ्यांच्या पाठींनी पुसून नेला होता. शहराच्या दुसऱ्या टोकाला ते काचेचे, नावाजलेले रुग्णालय उभे होते. तिथे दादाने शब्द टाकला होता. प्रौढ रुग्णांच्या पेशीरोपणाचा अनुभव दोन्हीकडे सारखाच. पण दादाने शब्द टाकल्यावर घरात कुणी उलट जात नसे. जुन्या इमारती पाडणारा कंत्राटदार तो. हातोडा पडायच्या आधी त्याच्या आवाजानेच निम्मी भिंत खचते, असे त्याची माणसे म्हणत. शिवाय बहिणीला रक्ताचा आजार होता आणि तिच्याशी जुळल्या होत्या त्या त्याच्याच पेशी.

"कारण सांग," तो म्हणाला. "एक तरी धड कारण."

"तिथं मला बरं वाटलं नाही."

"बरं वाटलं नाही! रोपण करायचंय की भाड्यानं घर घ्यायचंय?"

वहिनीला राहवले नाही. "वन्सं, हे स्वतःच्या नसांतलं द्यायला निघालेत आणि अटी तुम्ही घालताय? धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत."

"गाईला विचारलं का कुणी, वहिनी?"

बहिणीचा नवरा फसकन हसला आणि लगेच खोकल्याचे निमित्त करून खाली पाहू लागला. औषधांनी केस गेलेल्या डोक्यावरचा रुमाल बहिणीने घट्ट ओढून घेतला. लढाईला निघालेल्या माणसाने कंबर कसावी तसा.

दादाला मात्र हसू आले नाही. त्याला काचेच्या रुग्णालयातला तो दिवाणखान्यासारखा कक्ष आठवला. सगळे घर ओळीने बसलेले, पडद्यावर फिल्म चाललेली. एका दंडातून निघालेले रक्त पारदर्शक नळीतून यंत्रात जात होते आणि फिरून दुसऱ्या दंडात परत येत होते. मग तिथल्या बाईंनी सर्वांसमोर विचारले होते, "देणार ना भाऊ?" "म्हणजे काय!" तो गरजला होता. टाळ्या पडल्या होत्या. टाळ्यांच्या आड त्याने पडद्यावरून नजर काढून घेतली होती. त्या दिवसापासून पाणी पितानाही त्याच्या जिभेवर लोखंडाची चव येई. हे त्याने बायकोलाही सांगितले नव्हते.

समोरचे दार उघडले. पांढऱ्या कोटातल्या एक बाई बाहेर आल्या.

"मी दात्याची डॉक्टर. रुग्णाचे डॉक्टर वेगळे. दाता कोण?"

"मी."

"एकटे आत या. आत जे बोलाल ते बाहेर येत नाही, रुग्णापर्यंतसुद्धा नाही. दाता योग्य आहे किंवा नाही, एवढंच आम्ही सांगतो. का, ते नाही."

"माझं कसलं गुपित? इथंच विचारा की, सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोर आम्ही विचारत नाही." दार अर्धवट लोटून त्या आत गेल्या.

"तुम्ही दोघं जरा चहाचं बघा," बहीण नवऱ्याला आणि वहिनीला म्हणाली. ते गेले. मग तिने विचारले, "दादा, पोहायचा तलाव आठवतो?"

त्याचा हात नकळत खांद्याच्या हाडाकडे गेला. ते तेव्हाच मोडले होते.

"सगळ्यात वरच्या फळीवर चढलास आणि तुला उतरायचं होतं."

"कोण म्हणतं?"

"मी खाली पाण्यात होते. तुझा चेहरा मला दिसत होता. शिडीवर पोरांची रांग होती, म्हणून उडी मारलीस." चष्म्याच्या दुकानात तिचे आयुष्य लोकांच्या डोळ्यांत पाहण्यात गेले होते. "माझ्याकडे काही जण तक्ता पाठ करून येतात. अक्षर दिसत नाही, तरी घडाघडा वाचतात. तिथला तुझा होकार मला तसाच ऐकू आला."

"मी देणार नाही असं म्हटलंय का?"

"म्हणायला जागाच कुठं होती तिथं? इथं आहे. म्हणून इथं."

पंख्याने मान वळवली. दादाने घसा खाकरला. त्यातून निघालेला आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता.

"आणि समज, मी नाही म्हणालो?"

"तर दाता योग्य नाही, असं त्या सांगतील. मी तेवढंच ऐकेन. जन्मात पुन्हा विषय काढणार नाही. दुसरं कुणी जुळतंय का बघू."

"नाही जुळलं तर?"

तिने हनुवटी वर केली. ताप आल्यावर लहानपणी औषधाचा चमचा उडवून लावताना करायची तशीच.

"तर भांडेन, जमेल तेवढं. पण टाळ्यांच्या धाकानं आलेलं रक्त मी अंगात घेणार नाही. द्यायचं तर तू दे. ढकलून दिलेलं मला नको."

दादा उठला आणि दाराकडे चालू लागला.

उंबरठ्याशी त्याने सवयीने मागे वळून पाहिले. बाकीचे बाक रिकामे होते. माणसांच्या डोळ्यांतले बारीकसारीक टिपणाऱ्या बहिणीने तोंड भिंतीकडे फिरवून घेतले होते.

शिडीवर कुणीच नव्हते.