चौदाशेचा रंग

तिसरा साचा फोडला, तेव्हाही पंपाच्या कवचाचा कोपरा अर्धवटच निघाला. लोखंडाचा रस तिथं पोचायच्या आधीच थिजला होता.

कुपवाडच्या त्या फाउंड्रीत सगळ्यांनी रामगोंडा अण्णांकडं बघितलं. रसाचा रंग बघून तो साच्यात ओतायला "वता" म्हणायचं काम सव्वीस वर्षं त्यांचंच. तापमान मोजायची दांडी होती, पण ती अण्णा रजेवर असले तरच निघायची. गेला महिनाभर इंजिनिअर श्रद्धानं तिच्यावर काम भागवलं होतं. आज सकाळी अण्णा परतले आणि दांडी पुन्हा खुंटीला गेली.

श्रद्धानं ती काढून रसात बुडवली. चौथ्या साच्यासाठी अण्णा नुकतेच "वता" म्हणाले होते. आकडा आला तेराशे दहा अंश. हवे होते चौदाशे.

अण्णांनी हातमोजे काढले. "माझी नजर गेली, मॅडम. दुसरा माणूस बघा."

"जाईल कशी? त्या नजरेसाठीच तर रजा काढली होती. मोतीबिंदू..." बोलता बोलता ती थांबली. "कुठल्या डोळ्याचा काढला?"

"उजव्या. डाव्याचा सोमवारी हाय."

"उजवा झाका आणि बघा."

अण्णांनी उजव्या डोळ्यावर तळवा धरला. "आवं, ह्यो तर पिवळाधमक हाय. लय कच्चा." मग तळवा डाव्या डोळ्यावर नेला. "आन् ह्येनं पांढरा, वतायजोगा."

थोड्या वेळानं उजवा डोळा झाकूनच ते "वता" म्हणाले. दांडीनं सांगितलं, चौदाशे पाच. या वेळी कोपरा भरून निघाला.

"मोतीबिंदू पिवळट असतो, अण्णा," श्रद्धा म्हणाली. "वर्षानुवर्षं डोळ्यावर पिवळी काच चढत होती. तुमचा अंदाज त्या काचेतूनच बसला होता."

अण्णा पोट धरून हसले. "मंग डावा ऱ्हाऊ द्या तसाच. सोमवार रद्द."

"नव्या डोळ्यानं घरी काय दिसलं?"

"नातीच्या नाकावरचा तीळ. चार वर्सांची झाली पोरगी, मला ठावंच नव्हता."

सोमवारी अण्णा दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, दीड महिन्यानं, ते पुन्हा भट्टीसमोर उभे राहिले. माणसं "वता"ची वाट बघत होती. अण्णांनी खुंटीवरची दांडी स्वतः काढली आणि श्रद्धाच्या हातात दिली.

"आता मला शिकवा, मॅडम. चौदाशेचा रंग कसा असतोय?"

"मला कुठं ठाऊक, अण्णा? मी आजवर आकडाच बघितलाय."

तिनं दांडी बुडवली. "चौदाशे," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच आकडा सोडून अण्णांच्या शेजारी रसाकडं बघत उभी राहिली.