शुद्ध बोला, आबा

हातातलं पुस्तक सुलटं आहे की उलटं, हे धुळाआबांनी चित्रातल्या मेंढीच्या पायांवरून ताडलं. पाय खाली होते. म्हणजे बरोबर.

कुपवाडच्या वाचनालयात शनिवारी सकाळी सतरंजी पडते. मांडीवर मावतील एवढीच पोरं आणि त्यांना मांडी देणारी माणसं, असा तो गोष्टीचा तास. आबांच्या मांडीवर त्यांची नात होती, माया. अडीच वर्षांची. डोळे टपोरे, कान तिखट, पण तोंडातून अजून एक शब्द नाही की अर्धा नाही.

आबांचंही तोंड तिच्यासारखंच मिटलेलं. लेक रेश्मा कारखान्यात पॅकिंगला जायची आणि दिवसभर पोर आबांकडं असायची. निघताना ती रोज दारातनं बजावायची, "आबा, तिच्याशी शुद्ध बोला. आपलं हाय-न्हाई तिच्या तोंडात बसलं तर शाळेत हसतील तिला. मला हसलेत." आता आटपाडीच्या माळावर उभा जन्म मेंढरांमागं चालणाऱ्या माणसाला शुद्ध कुठलं यायला? चुकण्यापरीस गप बरं, म्हणून आबा गप झाले. पोरीपुढं मोबाइल लावून द्यायचे. वाचनालयात चार शुद्ध शब्द तरी कानावर पडतील म्हणून नावही रेश्मानंच घातलं होतं, आबा मेंढरांमागं असायचे हेही तेव्हाच सांगून.

"आबा, आता तुम्ही सांगा मायाला गोष्ट." ग्रंथपाल स्वप्नालीताई पुढ्यात येऊन बसल्या.

"मला वाचता येत... नाही." त्यातला 'ना' आबांनी भातातल्या खड्यासारखा चावला.

"वाचायचं नाहीच. चित्रात काय दिसतंय ते सांगायचं."

"माझं बोलणं अशुद्ध हाय, बाई." निसटलं. आबांनी जीभ चावली.

"मग मेंढरांशी इतकी वर्षं शुद्ध बोलत होता का काय?"

शेजारची एक बाई फिस्सकन हसली. आबाही ओशाळं हसले.

"त्यांच्यासंगं काय बोलायचं, बाई. मेंढी व्याली की आपल्या कोकराच्या कानाशी बारीक हुंकारती. दोन दिस नुसतं हुंकारनंच. मग शंभर मेंढरांतबी कोकरू त्योच आवाज हुडकत येतं. आनि मेंढीच जर गप ऱ्हायली..."

त्यांनी खाली पाहिलं. मायाचा कान त्यांच्या छातीला टेकला होता, बंद दारामागं कोण बोलतंय ते ऐकावं तसा.

आबांनी घसा साफ केला. बोट मेंढीवर ठेवलं.

"ही बग, मेंढी. हिचं कोकरू हुकलंय. कुटं गेलं आसंल?"

आणि बोलता बोलता आवाजाला हेल आला. माळावर एकट्यानं गाताना यायचा तसा.

"धाकलं माजं कोकरू, कुन्या रानाला गेलं? बाभळीबुडी हाय का गं? न्हाई गं बाई, न्हाई."

पान उलटलं.

"धाकलं माजं कोकरू, कुन्या वाटंला गेलं? हिरीपाशी हाय का गं? न्हाई गं बाई, न्हाई."

पलीकडची पोरं आपापल्या मांडीवरून उतरून रांगत आली. मघा हसलेल्या बाईनं आपलं पुस्तक मिटलं. पान उलटलं. कडब्याची गंज.

"धाकलं माजं कोकरू, कुन्या शिवाराला गेलं? गंजीमागं हाय का गं?"

दम लागला म्हणून आबा थांबले. सतरंजीही थांबली.

"न्हाई," मांडीवरून आवाज आला.

आबांचं बोट पानावर तसंच राहिलं. मायानं मान वर केली आणि आजोबा ऐकत नाहीत म्हणून जरा मोठ्यानं सांगितलं, "न्हाई!"

स्वप्नालीताईंची नजर दाराकडं गेली, तशी आबांनीही पाहिलं. न्यायला आलेली रेश्मा उंबऱ्यात उभी होती. हेल्मेट काखेत, ओठ घट्ट मिटलेले. कधीची उभी होती कुणास ठाऊक.

आबा पडत्या आवाजात म्हणाले, "चुकलं माझं, रेश्मा. मी शिकवलं नाही तिला. आपसूक..."

रेश्मा आत आली. चपला काढायच्या राहून गेल्या. हेल्मेट बाजूला ठेवून ती बापाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली, लहानपणी माळावर बसायची तशी. पदरानं नाक पुसलं.

"आवं आबा, थांबला का? म्होरं सांगा की. घावलं का न्हाई कोकरू?"